यूट्यूब नाही म्हणून टीव्ही बोगस ठरत नाही

दिवाळीची खरेदी तोंडावर आली की नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हा मेसेज फिरायला लागतो: 'ज्या टीव्हीत किंवा बॉक्समध्ये यूट्यूब, नेटफ्लिक्स नाही तो माल बोगस. कंपनीला अ‍ॅप बनवता आलं नाही. माल चांगला असेल तर अ‍ॅप आपोआप येतं.' मी सिडकोत बारा वर्षं टीव्ही बसवतोय. नव्या कंपन्यांवर हा सरळ अन्याय आहे.

'अ‍ॅप बनवता आलं नाही' म्हणे. 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज फोनसाठी यूट्यूबचं अ‍ॅप स्वतः बनवलं. जाहिराती दिसत नाहीत, व्हिडिओ डाउनलोड होतात, असा यूट्यूबच्या मालक गुगलचा आक्षेप होता, आणि तो रास्त होता. मायक्रोसॉफ्टने दोन्ही गोष्टी सुधारून ऑगस्टमध्ये अ‍ॅप पुन्हा आणलं. गुगलने तेही बंद पाडलं. मायक्रोसॉफ्टला जमलं नाही, असं कोण म्हणेल?

'आपोआप येतं' हे तर त्याहून चूक. 2015 मध्ये अ‍ॅमेझॉनने गुगलचं क्रोमकास्ट, म्हणजे टीव्हीला जोडून व्हिडिओ बघायचं यंत्र, विकणं थांबवलं. डिसेंबर 2017 मध्ये गुगलने अ‍ॅमेझॉनच्या इको शो या पडदेवाल्या स्पीकरवरून यूट्यूब काढलं आणि 1 जानेवारी 2018 पासून फायर टीव्हीवरही (टीव्हीला लावायची अ‍ॅमेझॉनची स्टिक) बंद, असं जाहीर केलं. तेव्हा गिऱ्हाइकांचे फोन यायचे, "दादा, स्टिक खराब झाली." मी घरी जाऊन त्याच स्टिकवर ब्राउझर उघडायचो आणि यूट्यूब लावून द्यायचो. छान चालायचं! बिघाड स्टिकमध्ये नव्हताच, दोन कंपन्यांचं जमत नव्हतं. एप्रिल 2019 मध्ये तडजोड झाली आणि जुलैमध्ये अ‍ॅप परत आलं.

'बोगस' या शब्दात थोडं तथ्य आहे, तेही सांगतो. पाथर्डी फाट्याला एका घरी नव्या बॉक्सवर नेटफ्लिक्स धुरकट दिसत होतं. तपासलं तर वाइडवाइनची, म्हणजे व्हिडिओची चोरून कॉपी होऊ नये म्हणून असलेल्या गुगलच्या कुलपाची, पातळी एल3 निघाली. एचडीसाठी एल1 लागते. पण ही पातळी म्हणजे व्हिडिओच्या चोरीपासून संरक्षणाचा परवाना, मालाचा दर्जा नव्हे. 2018 चा पोको एफ1 हा दणकट फोन एल3 घेऊनच बाजारात आला होता, एल1 त्याला नंतर अपडेटमधून मिळालं. शिवाय नेटफ्लिक्स प्रत्येक टीव्ही-बॉक्सला स्वतःची वेगळी मंजुरी देतं. ती नसेल तर बाकी सगळं उत्तम असूनही अ‍ॅप मिळत नाही.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट सगळ्यात मोठी आहे. आपल्याकडे टीव्हीवर प्ले स्टोअर हवं असेल तर गुगलच्या अ‍ॅपचा अख्खा संच घ्यावा लागतो, आणि अँड्रॉइडचा वेगळा अवतार बनवायला आडकाठी येते, अशी तक्रार भारतीय स्पर्धा आयोगापुढे होती. एप्रिल 2025 मध्ये 20.24 कोटी रुपये भरून गुगलने ते प्रकरण मिटवलं आणि प्ले स्टोअर सुटं द्यायची तयारी दाखवली.

तेव्हा एम. जी. रोडवरच्या दुकानात पैसे मोजण्याआधी आपल्या फोनचा हॉटस्पॉट लावा, स्वतःच्या खात्याने अ‍ॅप उघडा आणि पाच मिनिटं व्हिडिओ चालवून बघा. अ‍ॅप नसेल तर टीव्ही घेऊ नका, तो तुमचा हक्क आहे. पण बनवणाऱ्याला चोर म्हणू नका.