काकूला जे ऐकू येतं ते

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले पंधरा दिवस जे चाललंय ते वाचून मला इथे स्वीडनमध्ये, उप्सालात झोप लागत नाहीये, म्हणून लिहितेय. साताऱ्याचे आमचे काका दिवाळीआधी वारले. चौदाव्यानंतर काकू एकदा सहज बोलून गेली की पहाटे ओसरीवरून अडकित्त्याचा आवाज येतो, हे तिथे सुपारी कातरत बसलेत असं वाटतं, बाहेर जाऊन बघितलं की कुणी नसतं पण बरं वाटतं. एवढंच बोलली बिचारी. त्यावर दादा, म्हणजे तिचा मुलगा, फिजिक्स शिकवतो तो, त्याने ग्रुपवर टाकलं की आईला भास होतायत, हे सगळं सायकॉलॉजिकल आहे, डॉक्टरला दाखवतोय. लगेच आत्या सुरू झाली, आत्मा अडकलाय, नारायण नागबळी करा, आणि तिच्या ओळखीचे कुणी बाबा आहेत त्यांनी घरी येऊन बघायचं ठरवलंय. मग सगळ्या नातेवाइकांच्या दोन पार्ट्या झाल्या, श्रद्धा म्हणजे मनाचे खेळ म्हणणारे आणि अनुभव आल्याशिवाय कळायचं नाही म्हणणारे. काकू ग्रुपवर नाही. तिला कुणी काही विचारलंच नाही.

मी खरं तर दादाच्या बाजूची. आम्ही दाभोलकरांच्या गावात वाढलो. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितो म्हणून अख्खा देश रांगेत उभा होता तेव्हा आमच्या बाईंनी वर्गात चमच्यातलं दूध नुसत्या दगडाला पाजून दाखवलं होतं, ते मी आजही विसरलेले नाही. पण दूध सगळ्यांसमोर होतं, दगड लावून तपासता आलं. काकूचा अडकित्ता तसा तपासता येत नाही, आणि इथेच दादा आणि आत्या दोघंही घाई करतात असं मला वाटतं.

दादाने ग्रुपवर एक व्हिडिओ पण टाकला, 'देव मेंदूत सापडला' असा. कॅनडात सडबरीच्या विद्यापीठात मायकेल पर्सिंजर नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी एका हेल्मेटमध्ये कॉइल बसवून डोक्याच्या बाजूंना अगदी मंद चुंबकीय क्षेत्र द्यायचा प्रयोग केला, आणि बऱ्याच लोकांना खोलीत कुणीतरी आहे असं जाणवलं असा त्यांचा दावा होता. व्हिडिओ तिथेच संपतो. पुढचं मी सांगते कारण ते माझ्या घरापासून सायकलवर दहा मिनिटांवर घडलंय. इथल्या उप्साला विद्यापीठातल्या लोकांनी तोच प्रयोग 89 जणांवर केला, काहींचं यंत्र चालू काहींचं बंद, आणि कुणाचं चालू ते ना बसणाऱ्याला माहीत ना बसवणाऱ्याला. 2005 साली निष्कर्ष छापून आला, चालू-बंद काहीच फरक पडला नाही, ज्यांचा स्वभाव पटकन सुचवलेलं पकडण्याचा त्यांनाच जास्त जाणवलं. पर्सिंजर यांना ते मान्य नव्हतं, तुम्ही यंत्र नीट वापरलं नाही म्हणाले. आता हे ग्रुपवर टाकलं तर दादा म्हणेल बघा, सगळं सजेशनच, आणि आत्या म्हणेल बघा, सायन्स हरलं. दोन्ही चूक. सिद्ध एवढंच झालं की त्या हेल्मेटमुळे ते होत नव्हतं.

आंबा खाल्ला की मेंदूत काहीतरी होतंच, म्हणून आंबा खोटा ठरत नाही. पण फोन टेबलावर असताना खिशात थरथरल्यासारखं मला कितीदा वाटतं, तेही अगदी खरंच वाटतं, तेव्हा नुसतं जाणवलं म्हणून बाहेर काही आहे असंही नाही ना म्हणता येत.

वेल्समधल्या एका डॉक्टरने जोडीदार गमावलेल्या 293 लोकांशी बोलून 1971 मध्ये लिहिलं होतं की जवळजवळ निम्म्या लोकांना गेलेला माणूस जवळ असल्याचा, दिसल्याचा किंवा ऐकू आल्याचा अनुभव होता. निम्म्या! बहुतेकांनी ते कधी कुणाला सांगितलंच नव्हतं, आणि पुष्कळांना त्याचा आधार वाटत होता. म्हणजे काकूला वेड लागलेलं नाही दादा, आणि आत्या, त्या सगळ्यांचे आत्मे अडकलेले होते का गं?

इथे मात्र असा वाद होतच नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एक शनिवार असतो, चार वाजताच अंधार पडतो आणि लोक दफनभूमीत जाऊन आपापल्या माणसांसमोर मेणबत्त्या लावतात, देव न मानणारेही. माझी एक सहकारी आहे, चर्चमधून नाव काढून टाकलेली, ती आईच्या दगडापाशी बराच वेळ पुटपुटत उभी होती. मी विचारलं तर म्हणाली, त्याबद्दल आम्ही बोलत नाही. त्याच दफनभूमीत डाग हॅमरशोल्ड आहेत, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस, 1961 मध्ये विमान पडून गेले. त्यानंतर त्यांच्या घरात एक वही सापडली तेव्हा लोकांना कळलं की हा माणूस आतून देवाशी किती बोलत होता. एवढा मोठा माणूस आणि जिवंतपणी कुणाला पत्ता नाही. मला आधी ही शांतता फार सुसंस्कृत वाटायची, आता तिची भीती वाटते. काकू निदान बोलली तरी.

पण आत्याच्या त्या बाबांना घरात येऊ देऊ नका. हे मी हात जोडून सांगते. दाभोलकरांच्या खुनानंतर चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात यात्रा, कीर्तन, भजन याला हात लावलेला नाही, तेव्हा श्रद्धेवर बंदी म्हणून ओरडणाऱ्यांनी तो वाचावा. अनुभव काकूचा आहे, तो तिच्यापाशी राहू दे. दुसरा कुणी येऊन त्याचा अर्थ लावायला लागला, भीती घालायला लागला, पैसे मागायला लागला की मात्र पुरावा मागायचा, तिथे सोडायचं नाही.

परवा मी तिला फोन केला. दादाला म्हणाले डॉक्टर नको, पहाटे तिच्यासोबत उठून चहा कर, आणि फोन तिला दे. मग तिला मी ते सांगितलं जे इथे आठ वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, की आई गेली त्या हिवाळ्यात मला किचनमध्ये तिच्या बांगड्या ऐकू यायच्या, आणि मी देव मानत नाही तरी दिवा लावायला लागले होते, अजूनही लावते. काकू काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं मग तेव्हाच फोन का नाही केलास?"