48 तास थांबण्याआधी डीएनएसचा सिरियल नंबर बघा

वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवली, डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) आयपी, म्हणजे तो पत्ता, बदलला, तरी जुनंच पान दिसतंय. कुठेही हे बोलून दाखवा, ठरलेलं उत्तर येतं: "डीएनएस जगभर पसरायला 24 ते 48 तास लागतातच. तोवर काही करता येत नाही, थांबा."

'जगभर पसरतं' इथूनच गोंधळ सुरू होतो. आपण केलेला बदल आपणहून जातो तो फक्त आपल्याच मास्टरकडून (डीएनएसची उत्तरं देणाऱ्या ज्या नेमसर्व्हरवर आपण नोंदी बदलतो तो) आपल्याच दोन-तीन रेप्लिकांकडे (त्याची प्रत ठेवणारे नेमसर्व्हर). पूर्वी रेप्लिका एसओए रेकॉर्डमध्ये (सिरियल नंबर आणि मुदती सांगणारी नोंद) लिहिलेल्या रिफ्रेशच्या वेळेला येऊन विचारायची, काही नवीन आहे का? मग नोटिफाय ही सूचना आली, आरएफसी 1996 या इंटरनेटच्या नियमपत्रामध्ये (सालही 1996च, लक्षात ठेवायला सोपं). आता मास्टरच हाक मारतो, रेप्लिका सिरियल नंबर (नोंदींच्या आवृत्तीचा क्रमांक) ताडून बघते आणि तो आपल्यापेक्षा पुढचा असेल तर झोन, म्हणजे आपल्या डोमेनच्या सगळ्या नोंदी, ओढून घेते. काही सेकंदांचं काम. बाकी जगातले रिझॉल्व्हर (लोकांच्या वतीने पत्ता शोधणारे सर्व्हर) कुणी विचारलं तरच आपल्या दारात येतात आणि मिळालेलं उत्तर टीटीएल (उत्तर किती सेकंद ठेवायचं ती मुदत) संपेपर्यंत जपून ठेवतात.

'48 तास' हा आकडा मात्र अगदीच हवेतला नाही. डॉट कॉमच्या सर्व्हरांवर आपल्या नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल 172800 सेकंद असतो, म्हणजे बरोबर दोन दिवस. नेमसर्व्हरच बदलत असाल तर तेवढा धीर धरा आणि जुने तोवर चालू ठेवा. पण नुसता ए रेकॉर्ड (नावाचा आयपी सांगणारी नोंद) बदललाय आणि त्याचा टीटीएल 3600 आहे, तर हिशेब तासाभराचा. टीटीएल न जुमानणारे रिझॉल्व्हर असतात, नाही असं नाही, पण त्यांच्यावरून नियम कसा ठरवायचा?

'काही करता येत नाही'? येतं, पण आदल्या दिवशी. टीटीएल 86400 असेल तर किमान एक दिवस आधी तो 300 वर आणायचा. ऐन वेळी कमी करून उपयोग नाही.

आणि 'थांबा'. हा सल्ला मी स्वतः पाळलाय. दोन दिवस सकाळी नवी साइट, दुपारी जुनी, आणि मी म्हणतोय पसरतंय, पसरतंय. तिसऱ्या दिवशी डिग या डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या कमांडने प्रत्येक नेमसर्व्हरला वेगवेगळं गाठून एसओए विचारला. मास्टर म्हणाला 2019031402, रेप्लिका म्हणाली 2019031401. रिझॉल्व्हर ज्या सर्व्हरकडे जाईल तसं उत्तर मिळत होतं. मास्टरच्या फायरवॉलवर डीएनएसचं पोर्ट 53 डेटा पाठवायच्या दोन पद्धतींपैकी यूडीपीसाठी उघडं होतं, टीसीपीसाठी बंद. नोटिफाय जात होतं, सिरियलची चौकशीही होत होती. झोन टीसीपीवरूनच जातो, तिथे रेप्लिका नेमकी अडकत होती. आणखी दोन आठवडे थांबलो असतो तर एसओएमधली एक्स्पायरची मुदत, 1209600 सेकंद, संपून रेप्लिकेने त्या झोनची उत्तरं देणंच सोडलं असतं.

सिरियल वाढवायला विसरलात, तरी असंच. सिरियलमध्ये 2019 ऐवजी 2091 टाईप झालं आणि मास्टरवर मुकाट्याने दुरुस्त केलंत तर आणखी मजा: रेप्लिकेच्या लेखी आता मास्टरच मागे पडलाय, ती कितीही तास उलटले तरी हलणार नाही.

फायरवॉलचा तो नियम, सांगायलाच हवं, मीच लिहिला होता.