गुण नसलेला तास

नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत अंतर्गत गुणांवरून जो वाद रंगलाय, तो मी ऑक्सफर्डमध्ये बसून वाचते. एक बाजू म्हणते, प्राध्यापकांच्या हाती ३०-४० गुण दिले की ते खिरापतीसारखे वाटले जाणार. दुसरी म्हणते, गुण नसतील तर मुलं वर्गात फिरकणारच नाहीत. आणि मग कुणीतरी दाखला देतं: ऑक्सफर्ड बघा, एका शिक्षकासमोर एक विद्यार्थी!

बघायचंच तर नीट बघा. इथलं सत्र आठ आठवड्यांचं. आठवड्याला वाचायची यादी मिळते, निबंध लिहायचा आणि त्यावर तासभर ट्यूटरसमोर बसायचं, एकट्याने किंवा फार तर दोघा-तिघांनी. बहुतेक विषयांत त्या निबंधाचा एकही गुण पदवीत धरत नाहीत. शिकवणी कॉलेजची, परीक्षा विद्यापीठाची. उत्तरपत्रिकेवर नाव नाही, नुसता क्रमांक.

हे कळायला आपल्या मुलांना वेळ लागतो. मी अर्थशास्त्राचे असे तास, म्हणजे ट्युटोरियल, घेते. नगरकडची एक मुलगी १९४३च्या बंगालच्या दुष्काळावर निबंध घेऊन आली. अन्नटंचाई हे एक कारण, मजुरांची क्रयशक्ती कोसळली हे दुसरं, ‘दोन्ही तितकीच महत्त्वाची’. मथळे पट्टीने अधोरेखित. मी म्हटलं, हे काही मला पटत नाही. ती लगेच पेन काढून, ‘सॉरी मॅम, काढून टाकते.’ (इथे शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारतात, पण तिचं ‘मॅम’ काही सुटलं नाही. मीही सोडवलं नाही.) काढू नकोस, भांड माझ्याशी, हे मला तीन आठवडे सांगावं लागलं. पाचव्या आठवड्यात ती तांदळाच्या भावांचे आकडे घेऊन आली आणि म्हणाली, ‘मॅम, मागच्या वेळचं तुमचं म्हणणं चुकीचं आहे.’ माझ्या हातात तिचे ४० गुण असते तर ती हे बोलली असती का? मला नाही वाटत.

या व्यवस्थेला सोवळी म्हणायचं कारण नाही. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी इथे सॉमरव्हिल कॉलेजात राहून कायद्याचा अभ्यास केला, १८९२ मध्ये परीक्षा दिली. पण बायकांना तेव्हा पदवी देत नसत; विद्यापीठाने ती दिली १९२२ मध्ये! शिकवणारे उदार असले म्हणून विद्यापीठ उदार असतंच असं नाही.

खर्चाचं म्हणाल तर तो मुद्दा खराच आहे. इथल्या जुन्या कॉलेजांच्या गाठीशी शतकांची मालमत्ता आहे. आपल्याकडे जागा रिकाम्या आणि तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक मानधनाची वाट बघताहेत. पण महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी मेंटॉर-मेंटीची, म्हणजे कोणते विद्यार्थी कोणत्या प्राध्यापकाच्या देखरेखीखाली याची, नोंदवही आपण भरतोच ना? त्याऐवजी महिन्यातून एकदा तिघा-तिघांना बसवा, लिहून आणलेलं वाचा, उलट प्रश्न विचारा. तो तास प्राध्यापकाच्या कार्यभारात धरा, मानधनातही धरा. गुण मात्र अर्धासुद्धा ठेवू नका. काही मुलं येणार नाहीत. न येवोत.