डिस्क बसवली म्हणजे पद्मिनी सुरक्षित झाली, हे खरं नाही

जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर सध्या फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: 'पद्मिनीचे ड्रम ब्रेक म्हणजे जिवाशी खेळ. ड्रमने गाडी थांबतच नाही. पुढे मारुतीच्या डिस्क बसवा, पॉवर स्टिअरिंग टाका, गाडी आजच्या गाडीसारखी थांबेल आणि वळेल. बाकी कशाला हात लावायची गरज नाही. आरटीओसुद्धा काही विचारत नाही.' माझ्याकडे १९७८ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, आहे आणि घरची माणसं तिच्यात बसतात. हा मजकूर वाचून कुणी गाडी गॅरेजला घालणार असेल, तर त्याआधी हे वाचावं.

ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या बंद डब्याला आतून लायनर लावलेले शू दाबतात, डिस्क ब्रेकमध्ये उघड्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड आवळतात. ड्रमने गाडी थांबत नाही, हे पहिलं विधानच चुकीचं. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी कित्येक दशकं ड्रमवरच गर्दीत धावल्या. नीट लागलेला ड्रम ब्रेक चाक जाम करू शकतो, आणि चाक जाम झालं की पुढचं सगळं टायरच्या हातात. त्यामुळे डिस्कचा खर्च करण्याआधी टायरच्या बाजूचे चार आकडे बघा. २३१४ म्हणजे २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. असा टायर वरून कितीही कोरा दिसला तरी त्याचं रबर कडक झालेलं असतं, आणि त्यावर कुठलाही ब्रेक लवकर थांबवणार नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी गाडी ब्रेक दाबला की डावीकडे ओढायची. एका गॅरेजात सांगितलं, "ड्रमचं असंच असतं साहेब, डिस्क टाका." घरी येऊन उजवा ड्रम काढला. लायनर काळा, ओला, चकचकीत. बोट लावलं तर ब्रेक ऑइल. शूंना ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरमधला रबरी कप कडक होऊन गळत होता, म्हणून उजवं चाक धरत नव्हतं आणि डावं एकटं खेचत होतं. ऑइल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुवून भागत नाही. दोन्ही बाजूंचे लायनर बदलले, नवे कप घातले, ड्रम लेथवर घासून घेतले, शू ॲडजस्ट केले. गाडी सरळ थांबू लागली. तिच्यावर डिस्क चढवल्या असत्या, तर मागच्या चाकांतले तसेच जुने कप कुणी बघितलेही नसते.

डिस्क निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. घाटात त्यांचा फायदा खरा आहे. महाबळेश्वरहून आंबेनळीने पोलादपूरला उतरताना गाडी साधारण १,२०० मीटर खाली येते. हवेचा आणि इंजिनचा विरोध सोडला, तर तेवढ्या उतरणीची ऊर्जा म्हणजे ताशी ६० किलोमीटर वेगातली गाडी सुमारे ८५ वेळा पूर्ण थांबवण्याइतकी. ही उष्णता बंद ड्रमात कोंडते, उघडी डिस्क ती लवकर सोडते. पाण्यातून गेल्यावरही डिस्क लगेच सुकते. ड्रमवाल्याला पाय हलका ठेवून काही अंतर ब्रेक सुकवत जावं लागतं. पण म्हणूनच ज्या गिअरात घाट चढलो त्याच गिअरात उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम डिस्कवाल्यालाही सुटत नाही.

'बाकी कशाला हात लावायची गरज नाही' हे वाक्य मात्र सगळ्यात धोकादायक आहे. पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलतो तो मास्टर सिलिंडर. माझ्या पद्मिनीत तो मूळचा एकाच सर्किटचा होता, म्हणजे चारही चाकांना ऑइलची एकच लाइन. कुठलाही एक रबरी पाइप फुटला की पेडल थेट तळाला आणि चारही ब्रेक गेले. डिस्क बसवून हा धोका कणभरही कमी होत नाही. तो कमी होतो दुहेरी सर्किटच्या मास्टर सिलिंडरने, कारण मग एक बाजू गेली तरी दुसरी धरते. म्हणून मी पैसे आधी तिथे घातले, शिवाय सगळे पाइप बदलले. पाइप बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून फुगून बंद होत आलेला असतो.

जुन्या मास्टरवर नुसत्या डिस्क जोडल्या तर आणखी अडचणी येतात. ड्रमचा शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच त्याच्यावर आवळला जातो, डिस्कच्या पॅडला ती मदत नसते. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसेल तर पेडल दगडासारखं लागतं. पॅड दाबणाऱ्या कॅलिपरला ऑइलही जास्त लागतं. ड्रमसाठीच्या लाइनमध्ये थोडा दाब अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात आणि तापतात. त्यात ऑइल जुनं असेल तर संपलंच. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, पाणी शोषलेल्याचा १४० पर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळलं की वाफ होते आणि पेडल पोकळ जातं.

स्टिअरिंगचंही तेच. पॉवर स्टिअरिंगने हात हलका होतो, प्ले म्हणजे सांध्यांतला ढिलेपणा जात नाही, उलट तो हाताला कळेनासा होतो. आधी गाडी जॅकवर घ्या. चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खडखडलं तर किंगपिन (ज्या खिळीवर चाक वळतं ती) किंवा बेअरिंग. तीन आणि नऊला धरून हललं तर टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याचा सांधा) किंवा स्टिअरिंग बॉक्स. वळवायला जड लागतं ते पुष्कळदा कोरड्या किंगपिनमुळे आणि टायरमधल्या कमी हवेमुळे. ग्रीस गनने जे सुटतं त्यासाठी पॉवर स्टिअरिंग बसवायला स्टिअरिंगचा दांडा कापून वेल्डिंग करून घेऊ नका. त्या एका जोडावर तुमचं सगळं वळणं अवलंबून असतं.

आरटीओबद्दल एवढंच: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणाऱ्या बदलांना आडकाठी करतं. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांवरील गाडीला व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर ती मूळ स्वरूपात असावी लागते. चासी न कापता, नट-बोल्टवर बसणारं आणि परत काढता येणारं कामच करा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

ज्यांनी डिस्क आधीच बसवल्यात त्यांनी एक चाचणी जरूर करावी. रिकामं ओलं मैदान बघा, ताशी ४० वर जोरात ब्रेक दाबा, आणि कोणती चाकं आधी जाम होतात हे बाहेर उभ्या माणसाला बघायला सांगा. मागची आधी होत असतील तर गाडी ब्रेक लावताच गर्रकन फिरेल. मागचा दाब कमी करून घेईपर्यंत ती रस्त्यावर काढू नका.