नियम ठरवताना बंबवाल्याला विचारा की बे!

काल रात्री सोलापुरात कन्ना चौकातल्या कट्ट्यावर चहा यायच्या आधीच जुंपली. राज्याच्या बांधकाम नियमांच्या समितीवर फायर ब्रिगेडचा माणूस हक्काचा मेंबर म्हणून बसवायचा का, हा विषय रफिकनं काढला. त्याचे टॉवेलचे माग अक्कलकोट रोडलाच, 18 मे 2025 च्या पहाटे एमआयडीसीत आगीत आठ जण गेले तेव्हापासून तो यावर गप्प बसत नाही, आणि बसूही नये.

बाळ्या लगेच उसळला. बाळ्या म्हणजे आमचा बिल्डर, दोन अपार्टमेंट उभी केली तेव्हापासून ताटातल्या भाकरीचा पण एफएसआय मोजतो. "अजून एक मेंबर म्हणजे अजून एक सही, अजून एक पाकीट! 2006 चा आगीचा कायदा हाय, फायर एनओसी हाय, आगीची यंत्रणा चालू असल्याचा 'बी' नावाचा फॉर्म जानेवारी-जुलैला भरतोय, अजून काय पायजे?"

"पाकीट एनओसीच्या टेबलावर फिरतं रे," रफिक म्हणाला, "समितीत मत द्यायचं असतं."

अंबादासअण्णा तोवर शांत होते. तीस वर्षं बंबावर काढलेला माणूस. "एनओसी मागायला तू कधी येतो? जिना कुठं, गेट केवढं, सगळं ठरल्यावर. मला शिक्क्यापुरतं बोलावतो, पेटलं की मात्र पयला फोन मलाच."

मग बाकावर सांडलेल्या चहात बोट बुडवून त्यांनी चौकोन काढला. "हा तुझा जिना. चारी बाजूनं बंद. खाली मीटर बोर्ड, त्याला चिकटून वीस मोटरसायकली. खाली पेटलं तर धूर कुठं जाणार? वर. अन् वरची माणसं कुठनं उतरणार? ह्याच जिन्यानं. माणूस जळायच्या आधी धुरानं मरतो बे, मी उचललीत माणसं." दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही, चहा आला तरी.

मल्लूचा मुद्दा मात्र खरा होता. पूर्व भागात गुंठाभर जागेत खाली माग अन् वर संसार, तिथं बंबासाठी 6 मीटर रस्ता सोडायचा म्हटलं तर माणसानं राहायचं कुठं? बाळ्यानं जोरात मान हलवली, जसं काही त्यालाच गरिबांची काळजी.

"म्हणूनच तर आमचा माणूस पायजे," अण्णा म्हणाले. "नॅशनल बिल्डिंग कोड 2016 चा हाय, पण ती शिफारस. राज्यानं आपल्या नियमावलीत घेतलं तेवढंच लागू. काय घ्यायचं अन् काय गाळायचं हे ज्या टेबलावर ठरतं तिथं आग बघितलेला एक तरी बसू दे. तो सांगेल, बाबा 6 मीटर जमत नाय तर मागनं दुसरा जिना दे, खिडकीची जाळी आतनं उघडणारी कर."

माझं मत विचाराल तर अण्णांचं शंभर टक्के बरोबर आहे. मल्लूनं मोबाईलवर शोधून दाखवलं, अमेरिकेत इंडियाना राज्यात तर आयोगाच्या नावातच अग्निप्रतिबंध आधी अन् इमारत सुरक्षा नंतर. आपल्याकडं एका खुर्चीसाठी एवढी खळखळ.

बाळ्या हरायला लागला की जुनं उकरतो. "अन् तुमच्या मंडळाचा मांडव गल्लीभर असायचा तेव्हा बंब कुठनं जात होता, अण्णा?" तो मांडव मंडळाशी भांडून अण्णांनीच मागं सरकवायला लावला, मी तिथं होतो. अण्णांनी ते सांगितलंच नाही. एवढंच विचारलं, "तुझ्या ऑफिसच्या दाराला टेकवलेला आग विझवायचा लाल सिलिंडर, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून, तो चालवता येतो का?"

"येतो की! पिन वढायची अन्..."

"पिन कुठं हाय?"

बाळ्या विचारात पडला. रफिक म्हणाला, "पिनला तर ह्यानं ऑफिसची चावी अडकवलीय!" मग जे हसणं सुरू झालं ते थांबेना, मल्लूला ठसका लागला, चहावाला पण हसायला लागला, समिती गेली बाजूला, बिल बाळ्याच्या गळ्यात.

घरी आलो तो चौथ्या मजल्यावर न थांबता तसाच वर गेलो. गच्चीच्या दाराला कुलूप. किल्ली वॉचमनकडं, आणि वॉचमन सोमवारपासून गावाला.