सुटे भाग जोडून एआर पिस्तूल खरोखर निम्म्यात पडते का?

अमेरिकेत नेमबाजीचा छंद जोपासणाऱ्या मराठी मंडळींत सध्या एक सल्ला हातोहात फिरतो आहे. त्याचे सार असे : एआर पिस्तूल, म्हणजे एआर-१५ रायफलीच्याच रचनेचे पण आखूड नळीचे, दस्ता नसलेले पिस्तूल, तयार घेणे म्हणजे पैसे उधळणे, स्वस्त सुटे भाग मागवून घरी जोडले की ते निम्म्या किमतीत पडते, सगळे भाग ‘मिल-स्पेक’ (लष्करी मापदंडाचे) असल्यामुळे दर्जा तोच मिळतो आणि कागदपत्रांची कटकटही उरत नाही. मी स्वतः दोन्ही वाटांनी गेलो आहे, जोडणीचा आनंदही मनापासून घेतला आहे. तरीही पहिले पिस्तूल घेऊ पाहणाऱ्याला हा सल्ला देणे मला चुकीचे वाटते.

कागदपत्रांचा शेवटचा मुद्दा मुद्दाम आधी घेतो, कारण किमतीतली चूक पैशाने भरून निघते, कायद्यातली निघत नाही. संघीय कायद्याच्या दृष्टीने नळी, बोल्ट, चाप हे नुसते भाग आहेत, हे खरे. परंतु लोअर रिसीव्हर, म्हणजे ज्यावर अनुक्रमांक कोरलेला असतो तो सांगाडा, हा रिकामा असला तरी कायद्याने अग्निशस्त्रच ठरतो. परवानाधारक विक्रेत्याकडून तो घेताना ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, पार्श्वभूमीची तपासणी होते आणि घेणाऱ्याचे वय २१ पूर्ण असावे लागते. म्हणजे दुकानातून तयार पिस्तूल घेताना जे सोपस्कार करावे लागतात, तेच इथेही करावे लागतात.

उलट घरी जोडणाऱ्यावर एक जबाबदारी वाढते, आणि तिचा त्या सल्ल्यात उल्लेखही नाही. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टनुसार १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल नोंदणी आणि पूर्वपरवानगीशिवाय बनवता किंवा बाळगता येत नाही. एआर पिस्तुलाला खांद्याला टेकवायचा दस्ता नसतो, म्हणून ते या व्याख्येबाहेर राहते. त्यावर दस्ता चढवला की त्याच क्षणी ते व्याख्येत येते. मनगटाला आधार देणाऱ्या ब्रेसवरून मध्यंतरी बराच गोंधळ झाला. एटीएफ या संघीय शस्त्रनियंत्रण संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये ब्रेस लावलेली बहुतेक पिस्तुले आखूड रायफली ठरवणारा नियम आणला आणि जून २०२४ मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने तो रद्द केला. १ जानेवारी २०२६ पासून आखूड रायफलीवरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला आहे, पण नोंदणी आणि पूर्वपरवानगी कायम आहे. ‘कर गेला’ एवढेच सांगून थांबणारे लोक ऐकणाऱ्याला अडचणीत ढकलत असतात.

याहून सूक्ष्म बाब लोअरच्या इतिहासाची आहे. जे लोअर प्रथम पिस्तूल म्हणून जोडले गेले, त्यावर पुढे १६ इंची नळी आणि दस्ता चढवून रायफल करता येते आणि पुन्हा पिस्तूलही करता येते. पण जे प्रथम रायफल म्हणून जोडले गेले, त्याचे पिस्तूल करता येत नाही. कपाटात जुनी रायफल आहे, नव्या लोअरचे पैसे कशाला घालवायचे, यावरच आखूड नळी बसवू, असा विचार करणारा माणूस बचत करत नसून बिननोंदणीची आखूड रायफल बनवत असतो. त्याची शिक्षा १० वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. कारखान्यातून पिस्तूल म्हणूनच निघालेल्या शस्त्राबाबत निदान त्याच्या उगमाचा प्रश्न उरत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या बाबतीत तर निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही. एच-१बी, एच-४ किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला, वैध शिकारी परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, अग्निशस्त्र किंवा काडतूस बाळगण्यास संघीय कायद्याने मनाई आहे. ‘भाग घेतले म्हणजे शस्त्र घेतले नाही’ हा युक्तिवाद लोअर हातात आल्याबरोबर संपतो. ग्रीन कार्डधारकाला शस्त्र घेता येते, पण शस्त्रविषयक गुन्ह्यात तो दोषी ठरला तर हद्दपारीची कारवाई होऊ शकते. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क या आपली मोठी वस्ती असलेल्या राज्यांत नेहमीच्या रूपातले एआर पिस्तूल घेता येत नाही आणि जोडताही येत नाही. आणि उरलेला एखादा भाग भारतात जाताना सामानात टाकण्याचा विचारसुद्धा करू नये. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील ‘शस्त्र’ या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात.

आता किमतीकडे वळू. दाव्यात तथ्यांश आहे, तो नाकारणार नाही. युजीन स्टोनर यांनी आर्मालाइट कंपनीत घडवलेल्या या रचनेचे हक्क कोल्टने १९५९ मध्ये घेतले. १९७७ मध्ये मूळ पेटंटची मुदत संपल्यावर अनेक कारखाने परस्परांना जुळणारे भाग बनवू लागले आणि भाव उतरले. शिवाय कारखान्यातून निघणाऱ्या पूर्ण पिस्तुलावर १० टक्के संघीय उत्पादन शुल्क असते, सुट्या नळीवर ते नसते. पण निम्म्याचा हिशेब मांडणारे फक्त भागांच्या किमती मिळवतात. चार ठिकाणांहून मागवलेल्या मालाचा चार वेळचा पाठवणी खर्च, लोअर हाती देण्याचे विक्रेत्याचे शुल्क, राज्याचा विक्रीकर, शिकंज्यात रिसीव्हर धरायचा ठोकळा, टॉर्क रेंच, पिना ठोकायचे पंच, आणि उडून हरवलेल्या स्प्रिंगा त्यांच्या हिशेबात कुठेच नसतात. मोठा कारखाना नळ्या हजारांनी घेतो. स्वस्त श्रेणीत तर सवलतीच्या दिवसांत तयार पिस्तूल भागांच्या बेरजेइतके किंवा तिच्याहून कमीत मिळते. जोडणी परवडते ती ज्याच्याकडे अवजारे आधीपासून आहेत आणि ज्याला ठरावीक नळी, ठरावीक चाप हवा आहे, त्याला. म्हणजे मुळात ज्याला स्वस्तात नको आहे, त्याला.

राहिला ‘मिल-स्पेक’चा मुद्दा. नागरी बाजारात हा शब्द कोणीही कशावरही छापू शकतो. बोल्ट कॅरिअरवर, म्हणजे बोल्टला पुढे-मागे नेणाऱ्या भागावर, गॅस की ही वायू आत घेणारी छोटी नळी दोन स्क्रूंनी बसवलेली असते आणि ते स्क्रू ढिले पडू नयेत म्हणून कडेचा धातू ठोकून त्यांच्या माथ्यावर दाबलेला असावा लागतो. स्वस्त कॅरिअर उजेडात धरून पाहा : पुष्कळदा तिथे नुसता ओरखडा असतो, आणि वेष्टनावर मात्र तोच शब्द. मागच्या बाजूची बफर ट्यूब, जिच्यात बफर हे धक्का झेलणारे वजन आणि त्याची स्प्रिंग असते आणि जिच्यावर ब्रेस चढते, ती १.१४८ इंच व्यासाची मिल-स्पेक असते आणि १.१६८ इंच व्यासाची कमर्शियलही. एकीसाठी बनवलेली ब्रेस दुसरीवर बसत नाही किंवा लटलट हलते.

शिवाय पिस्तूल रायफलीहून कमी चुका पोटात घालते. या शस्त्राचे चक्र नळीतल्या छिद्रातून मागे येणाऱ्या वायूवर चालते, आणि ते मुळात २० इंची नळी धरून आखलेले होते. नळी १०.५ किंवा ७.५ इंचांवर आणली की छिद्रापाशी दाब वाढतो आणि छिद्र ओलांडल्यावर गोळी लवकर बाहेर पडत असल्यामुळे तो दाब काम करण्याचा अवधी घटतो. छिद्राचे माप, बफरचे वजन, स्प्रिंगचा ताण हे सगळे जमून यावे लागते. ते जमवण्याचे काम चांगला कारखाना गोळ्या झाडून पाहून करतो, आपण अंदाजाने करतो.

माझ्या पहिल्या जोडणीत गॅस ब्लॉक, म्हणजे वायू मागे वळवणारा ठोकळा, नळीच्या छिद्रावर किंचित तिरका बसला होता. डोळ्याला काहीच दिसत नव्हते. रेंजवर मात्र प्रत्येक गोळीनंतर रिकामे काडतूस तोंडाशी अडकायचे आणि मला हाताने बोल्ट ओढावा लागायचा. नळी विकणाऱ्याने ब्लॉककडे बोट दाखवले, ब्लॉकवाल्याने माझ्या जोडणीकडे. दोघांच्याही दृष्टीने ते बरोबर होते, कारण पूर्ण शस्त्राची हमी कोणीच दिलेली नव्हती. ती देणारा मीच होतो. दोन महिने आणि काडतुसांची बरीच खोकी खर्ची पडल्यावर मी ते अप्पर, म्हणजे नळी आणि बोल्ट असलेला वरचा अर्धा भाग, मोडून काढले आणि त्या जागी कारखान्यात जोडून, झाडून पाहिलेले अप्पर घेतले. लोअरमधल्या पिना आणि स्प्रिंगा मात्र आजही मी माझ्या हाताने बसवलेल्याच आहेत, आणि त्या कधी अडल्या नाहीत.