तरणतलाव की वज्री?

पोहून वर आलेल्या पाहुण्यांच्या टाचा एकदम मऊ दिसू लागल्या, की ओळखावं, फायबरग्लासच्या पूलची वज्री झाली. मुलांच्या अंगठ्यांची सालं निघतात, पोहायच्या चड्ड्या बुडाशी विरतात आणि यजमान म्हणतात, ''आमच्याकडचं पाणी जरा जड आहे हो.''

मग सल्ले येतात. केअरटेकर म्हणतो, खराट्याने घासू. शेजारच्या बंगल्यातले काका म्हणतात, ॲसिड मारा. मिस्त्री म्हणतो, साहेब, टाइल्सच लावून टाकू. रोग कोणता, हे तिघांपैकी एकानेही विचारलेलं नसतं. माझ्या मते प्रश्न एकच आहे: वर काही साचलंय, की वरचं काही झिजलंय? साचलं असेल तर ॲसिडचा उपयोग आहे. झिजलं असेल तर ॲसिड उरलंसुरलंही खाऊन टाकतं.

तपासणीला प्रयोगशाळा लागत नाही, लिंबू लागतं. पाण्याची पातळी वीतभर खाली घ्या, उघडा पडलेला भाग कोरडा करा आणि त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे फसफसले तर तो क्षार, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. फसफस नाही, पण गडद रंगाचं फडकं फिरवल्यावर पांढरी पूड लागते? मग जेलकोट, म्हणजे वरचा रंगीत थर, उन्हाने आणि आम्लधर्मी पाण्याने मेलेला आहे. कापसाचा बोळा फिरवा. जागोजागी तंतू अडकले आणि बोटांना खाज सुटली, तर जेलकोट संपून आतली काचच वर आली आहे. आणि फोड दिसले, फोडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर पाणी थराखाली शिरलंय. तिथे लिंबू सरबतापुरतंच.

आपल्याकडे बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या पूलमध्ये बहुतेकदा पहिलाच प्रकार निघतो. हिशेब बघा. आठ बाय चार मीटरचा पूल, उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी उडतं, म्हणजे १६० लिटर. तेवढंच बोअरमधून भरायचं. त्या पाण्याचा कठीणपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम असेल तर रोज ६४ ग्रॅम क्षार आत येतो. पाणी उडतं, क्षार कुठे जाणार? महिन्याला जवळपास दोन किलो! एवढ्या चुन्यात पानाची टपरी चालेल. वर केअरटेकर टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर टाकतो, तिच्यातही कॅल्शियमच. आणि यजमानांनी हौसेने बसवलेला हंसाच्या चोचीतला कारंजा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडवून पीएच चढवत बसतो. पीएच ८ च्या वर गेला की क्षार भिंतीला चिकटायला मोकळा.

यावर उपाय आहे आणि पूल रिकामा करावा लागत नाही. पीएच ७.० ते ७.२ आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची ॲसिड पचवायची ताकद, ६०-७० पीपीएमपर्यंत (लिटरला तेवढे मिलिग्रॅम) उतरवून ठेवायची. वर सांगितलेला पूल सरासरी १.४ मीटर खोल धरला तर पाणी होतं ४५ हजार लिटर. त्यात अल्कलिनिटी १० पीपीएमने उतरवायला ३२ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण ९०० मिली लागतं. तेही एकदम नाही. अर्धा लिटर, आधी बादलीभर पाण्यात मिसळून, पंप चालू ठेवून. पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी नव्हे, आणि क्लोरीनच्या डब्याजवळ तर मुळीच नाही. मग रोज नायलॉनचा ब्रश. क्षार हळूहळू, आठवडे घेऊन सुटतो. तारेचा ब्रश ज्याला सुचेल त्याच्या हातात झाडू द्यावा. लोखंडाचे तुकडे भिंतीत रुततात आणि पुढच्या महिन्यात पूलला गंजाची देवी येते.

झिजलेल्या पूलसाठी मात्र पाणी काढावं लागतं, आणि इथे खरी गंमत आहे. फायबरग्लासचा पूल आणि फायबरग्लासची होडी एकाच घराण्यातली. आत पाणी आहे तोवर तो पूल. श्रावणात, जमीन तुडुंब भरलेली असताना रिकामा केलात, तर खालचं पाणी त्याला उचलतं आणि कोकणातल्या तुमच्या अंगणात होडी उभी राहते. म्हणून हे काम एप्रिल-मेमध्ये, भिंतींना आतून टेकू लावून.

नुसती पूड निघत असेल तर ४०० नंबरच्या वॉटर पेपरने ओलं घासायचं, मग ६००, ८००, १००० आणि शेवटी पॉलिश. मात्र जेलकोट मुळात अर्धा-पाऊण मिलिमीटरचा. जोमाने घासणाऱ्या माणसावर लक्ष ठेवा. काच दिसत असेल तर ८० नंबरने खरवडून, ॲसिटोनने पुसून, पूर्ण वाळवून व्हिनिलएस्टर रेझिनचा थर आणि त्यावर नवा जेलकोट. हार्डनर किलोला १५ ते २० ग्रॅम. भर उन्हात सढळ हाताने ओतलात तर डब्यातच जेली होते. शेवटच्या हातात वॅक्स हवं, नाहीतर हवा लागून पृष्ठभाग चिकट राहतो. आधीच्या हातांत ते नको, नाहीतर पुढचा थर धरत नाही. आणि थर लवकर घट्ट करणारं कोबाल्टचं अ‍ॅक्सिलरेटर नि हार्डनर थेट एकत्र करू नये. भडका उडतो.

नंतर निदान पाच ते सात दिवस पूल कोरडाच. मुलं काठावर बसून रोज विचारतात, आज? नाही.

मग टँकर. दहा हजारी, साडेचार खेपा. पहिला पाइप आत सोडायच्या आधी ग्लासभर पाणी घ्या आणि कठीणपणा तपासायच्या किटमधला लाल रंग निळा होईपर्यंत थेंब मोजा. कठीणपणा १५० ते २५० असेल तर भरा. तोवर टँकरवाला हॉर्न वाजवतो. वाजवू दे. थेंब मोजताना चुकलात, तर पुन्हा पहिल्यापासून.